डावखुरा पॅच

"मशीन कशाला फिरवताय? पोरीचा हात वळवा की."

अण्णा एवढंच बोलले आणि पुन्हा ढोलकीच्या कड्या सरकवायला लागले. मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत तालीम सुरू व्हायची होती. बाहेर आषाढातला पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा, अगरबत्तीचा आणि तापलेल्या अँप्लिफायरचा एकत्र वास. मी ऑक्टापॅडवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या आठ रबरी पॅडांच्या यंत्रावर, वाकून एकेका पॅडचा टोन बदलत होतो. शेजारी आठवीतली एक मुलगी दोन्ही काठ्या मांडीवर घेऊन बसली होती. आमच्याच गल्लीतली, डावखुरी. ठेका तिला पक्का कळलेला असतो. तोंडाने बोल म्हणते तेव्हा मात्रा हलत नाही. पण काठ्या हातात आल्या की दुसऱ्या आवर्तनातच तिचे हात एकमेकांत अडकतात. कारण उघड होतं. सतत पळणारी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली जोडझांज, आम्ही उजव्या टोकाला ठेवलेली, कारण मंडळात वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा उजवा हात पळतो. तिचा पळणारा हात डावा. तो उजव्या टोकाकडे निघाला की वाटेत दुसऱ्या हातावर आदळतो. म्हणून तिच्यापुरता एक पॅच, म्हणजे कुठल्या पॅडवर कुठला आवाज याची यंत्रात साठवलेली मांडणी, मी उलटा मांडत होतो. अण्णांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आयुष्यभर आधी फडात आणि मग ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवलेल्या माणसाने सहज दिलेला सल्ला होता. तरी तो माझ्या डोक्यातून जाईना. रात्री झोपताना, सकाळी दुकानाचं शटर वर करताना मनात तेच: मशीन फिरवायचं की हात वळवायचा?

अण्णांची बाजू मला चांगली कळते. ढोलकीला डावीकडे खाली घुमणारी धुम आणि उजवीकडे शाईचं पान. शाईवरची थाप महिन्या-दोन महिन्यांत बरी वाजायला लागते. धुम मात्र माणसाची परीक्षा बघते. डाव्या हाताचा दाब कमीजास्त करत आवाज वर न्यायचा, खाली सोडायचा, आणि हे सगळं दुसऱ्या ठोक्याच्या आत. अण्णांच्या वस्तादांनी त्यांना कितीतरी दिवस उजवा हात लावूच दिला नव्हता म्हणे. नुसती धुम घुमवत बसायचं. त्यांचं डावं मनगट आजही उजव्यापेक्षा जाड दिसतं. लाकूड आणि कातडं आपल्यासाठी बदलत नसतं, हातालाच त्याच्याकडे जावं लागतं, या समजुतीत त्यांची सगळी उमर गेली. असा माणूस एखाद्या यंत्रातला आवाज बटण दाबून उजवीकडून डावीकडे सरकताना बघतो, तेव्हा त्याला त्यात पळवाट दिसणारच. मला ती तशी दिसत नाही. का दिसत नाही, हे मात्र मला त्या दिवशी पटकन सांगता आलं नाही.

आमच्या भागात ऑक्टापॅड रुजला त्यात पावसाचा मोठा वाटा आहे. गणपती भाद्रपदात येतात. हवेत इतकी ओल असते की हलगी दर थोड्या वेळाने शेकावी लागते, नाहीतर ती बोलेनाशी होते. ढोलकीचं पान उतरतं, पट्टी ढासळते, आणि गायिका मागे वळून बघायला लागते. रबरी पॅडला ओलीचं काही वाटत नाही. प्लास्टिकची एक पिशवी वरून बांधली, टेम्पोवर जनरेटर लावला, की मिरवणूक निघाली. रोलंड कंपनीने एका वाद्याला दिलेलं हे नाव इतकं रुळलंय की आठ पॅडांचं कुठल्याही कंपनीचं यंत्र आमच्याकडे ऑक्टापॅडच. बेंजो पार्टी असो, भजनी मंडळ असो की लग्नातला वाद्यवृंद, एसपीडी-20 हे मॉडेल सगळीकडे भेटतं. ते 1998 मध्ये आलं. सातशे टोन आणि नव्याण्णव पॅच. मंडळाकडे आहे ते हेच, आणि त्याच्या कडांचा मूळ रंग आता फक्त स्क्रूंच्या खाली उरलाय. पण मला जास्त ओढ वाटते ती त्याच्या पूर्वजाची. पहिला ऑक्टापॅड, 1985 सालचा पॅड-8, स्वतः काहीच वाजत नव्हता. त्याच्या पोटात एकही टोन नव्हता. कुठल्या पॅडवर ठोका पडला आणि किती जोराने पडला, एवढंच तो मिडीच्या केबलमधून दुसऱ्या यंत्राला कळवायचा. आवाज काढायचा तो त्या यंत्राने. मिडी ही कंपन्या-कंपन्यांतली समाईक भाषा 1983 मध्ये ठरली होती, आणि तिच्यात ठोक्याचा जोर सांगायला 127 पर्यंतचे आकडे ठेवले होते. म्हणजे या वाद्याचा जन्मच मुळी हात वाचण्यासाठी झाला. आवाज त्याला नंतर मिळाले.

हात वाचायचा कसा, तेही साधंच आहे. पॅडच्या रबराखाली पितळेची एक चकती चिकटवलेली असते आणि तिच्यावर सिरॅमिकचा पातळ थर. त्यावर दाब किंवा धक्का आला की क्षणभर वीज तयार होते. पियेर आणि झाक क्युरी या भावांनी हा गुणधर्म 1880 मध्ये स्फटिकांत दाखवला होता, आणि स्वयंपाकघरातला टक् आवाज करणारा गॅस लायटरही त्यावरच चालतो. फरक इतकाच, की लायटरला ठिणगी पडली की पुरे. पॅडला ती वीज किती, किती लवकर चढली आणि कशी उतरली हे सगळं मोजावं लागतं. सेटिंगची खरी गंमत इथे सुरू होते. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर हलका हात ऐकू येतो, पण मग मध्यम ठोकाच 127 वर जाऊन बसतो आणि त्याच्या वरचा सगळा जोर वाया जातो. थाप आणि फटका यांत भेदच राहत नाही. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. तो खाली आणला तर बोटाचा स्पर्शही आत येतो, आणि शेजारच्या ढोलाचा हादरासुद्धा. मिरवणुकीत टेम्पो खड्ड्यातून गेला की स्नेअर ड्रमचा पॅड आपोआप वाजतो, तो या खालच्या उंबरठ्यामुळे. एका पॅडवर मारलं की शेजारचा पॅडही बोलतो, ते आणखी वेगळं दुखणं. आठही पॅड एकाच पेटीत बसवलेले असल्यावर धक्का पेटीतून इकडून तिकडे जायचाच. कर्व्ह म्हणजे हाताचा जोर आणि आवाजाचा जोर यांच्यातलं नातं. ते सरळ ठेवायचं, की सुरुवातीला उदार आणि पुढे कंजूष, की उलट, हे ज्याने त्याने ठरवायचं.

आमच्या मंडळाचं यंत्र एका तगड्या पोराने लावलं होतं. तो दंडातून वाजवतो. त्याच्या हिशेबाने सेन्सिटिव्हिटी खाली, उंबरठा वर. तो वाजवतो तेव्हा प्रत्येक ठोका स्वच्छ येतो, एकही भुताटकीचा आवाज नाही. त्याच यंत्रावर ती मुलगी वाजवायला बसली की निम्मे ठोके गायब. तिने मारलेले असतात, काठी पॅडवर पडलेली सगळ्यांना दिसते, आणि स्पीकरमधून काहीच येत नाही. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवत नसे. कातड्याचं वाद्य असं कधी करत नाही. ढोलकीला बोट लागलं तरी ती काहीतरी बोलते, वाईट का होईना. यंत्राला मात्र न ऐकण्याची मुभा आहे, आणि ती मुभा कोणीतरी सेट केलेली असते.

हे अण्णांना सांगायला हवं होतं.

ढोलकीचा पॅच बांधणं हे मला या सगळ्यातलं सर्वात आवडतं काम. तयार पॅचमध्ये बहुतेक वेळा एक 'ता', एक 'धिं' आणि एक 'घे' असतो, आणि त्यावर सिनेमातलं गाणं निभतं. लावणीचा ठेका निभत नाही. कारण लावणीत धुम प्रत्येक वेळी वेगळी घुमते, आणि पॅडवर मात्र एकदा ध्वनिमुद्रित झालेला तोच 'घे' पुन्हा पुन्हा येतो. मग तोडगे काढायचे. खालच्या ओळीत दोन पॅडवर एकच धुम ठेवायची, एकीची पिच किंचित खाली, डिके, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, थोडा लांब. दोन हातांनी आलटून पालटून वाजवलं की कानाला वाटतं कोणीतरी मनगट फिरवतंय. एकाच पॅडवर दोन टोन लेयर करायचे, हलक्या ठोक्याला बंद आवाज, जोरात मारलं की उघडा. ज्या यंत्रात म्यूट ग्रुप, म्हणजे एक पॅड वाजला की दुसरा गप्प करायची सोय असते, त्यात हाय-हॅटसाठी केलेली सोय ढोलकीला लावायची: उघडी धुम घुमत असताना 'क' मारला की ती तिथेच तुटली पाहिजे, जशी तळहात टेकल्यावर तुटते. मग पट्टी. बाई काळी चारमधून गाते, पुढचं गाणं बुवा काळी एकमधून घेतात. ढोलकीवाला दोन-तीन ढोलक्या घेऊन येतो आणि ठोकून मिळवतो. ऑक्टापॅडवर पिच बदलली की झालं, असं वाटतं खरं, पण फार खाली-वर ओढली की त्या आवाजाचं लाकूडच निघून जातं. थाप खेळण्यातली वाटायला लागते. दोन स्वरांपलीकडे मी जात नाही. त्यापुढे दुसराच टोन शोधतो आणि पॅच वेगळा ठेवतो. एवढं सगळं करूनही अण्णांच्या डाव्या हाताच्या जवळपास पोचता येत नाही, आणि पोचायची माझी इच्छाही नाही. त्यांची धुम त्यांच्या हातात राहावी. मला हवंय ते इतकंच, की पॅडवर बसलेल्या माणसाने जे मनात धरलं ते वाटेत हरवू नये.

मिरज आमच्यापासून लांब नाही. सतारमेकर गल्लीत लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो, त्यांच्या एका स्नेह्यांचा तंबोरा आणायला. त्या वयात वाद्यापेक्षा भोपळ्यांचा ढीग जास्त आठवतो, सोनेरी, धुळीने माखलेला. पण कारागिराने केलेली एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. त्याने तार छेडली, कान जवळ नेला, मग तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस अगदी हलकीच, जणू हात फिरवल्यासारखी चालवली. पुन्हा तार छेडली. पुन्हा कानस. तारेखालचा सुती दोरा नखाने केसभर सरकवला. मध्येच वडिलांच्या स्नेह्यांना म्हणाला, तुम्ही सा लावा. ते तिथे पायऱ्यांवर बसून सा लावत राहिले आणि तो जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारा तारेचा झणकार, त्यांच्या गळ्याला मिळवत राहिला. कुणाला उघडी जवारी लागते, कुणाला बंद. बायकांच्या आवाजासाठी तंबोराच लहान घडवतात. तेव्हा कोणीही म्हणालं नाही की घोडी कशाला घासता, गळाच वळवा. गळा तर वर्षानुवर्षं वळवलेलाच होता. वाद्यही त्याच्याकडे थोडं आलं, आणि त्यात कुणाचा रियाज कमी झाला नाही. हे आठवलं तेव्हा मला माझ्या मनातलं नीट धरता आलं. यंत्राचं सेटिंग ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. कानसेच्या जागी बटण आलंय एवढंच.

उलट यंत्राने हाताचा विचार केला नाही की काय होतं, तेही घडून गेलेलं आहे. 1981 मध्ये इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा एसडीएस-5 हा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट आला, षटकोनी पॅडांचा. त्या दशकातल्या पाश्चात्त्य संगीतात तो आवाज सगळीकडे आहे. पॅडवर मात्र कडक पॉलिकार्बोनेटचा पत्रा, काठीला उसळीच नाही. वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायला लागली, मग कंपनीला पुढे मऊ रबराकडे यावं लागलं. 1997 मध्ये रोलंडने जाळीचं पान असलेले व्ही-ड्रम्स हे इलेक्ट्रॉनिक ड्रम आणले तेव्हा काठी पुन्हा कातड्यावर पडल्यासारखी उसळायला लागली. सगळ्या वाजवणाऱ्यांनी मनगटं सोसत हात वळवले असते, तर ती जाळी कधी विणलीच गेली नसती.

डावखुऱ्यांचं तर विचारूच नका. बीटल्सचा रिंगो स्टार डावखुरा. त्याने वाजवला मात्र उजव्या हाताचा सरळ मांडलेला ड्रमसेट. टॉम या ड्रमांवरून फिरताना त्याचा डावा हात आधी निघतो, आणि त्यामुळे त्याच्या फिल्सना, म्हणजे ठेक्यामधल्या भरावाच्या तुकड्यांना, एक विचित्र, अडखळल्यासारखी गोड चाल आहे. उजव्या हाताच्या माणसांना ती उचलताना घाम फुटतो. फिल कॉलिन्सही डावखुरा. त्याने अख्खा सेटच आरशातल्यासारखा उलटा लावला. आणि बिली कॉबहॅम हा तिसराच रस्ता: सेट उजव्यांचा, पण पळणारी झांज डाव्या हाताकडे, त्यामुळे हातावर हात टाकावाच लागत नाही. मी हे तिघे पुन्हा पुन्हा ऐकले. अण्णांचा सल्ला मानला तर पोरगी रिंगो होण्याचीही शक्यता आहे, हे मी नाकारत नाही. अडचणीतून चाल जन्मते. पण एका रिंगोमागे काठ्या खाली ठेवून निघून गेलेली किती डावखुरी मुलं असतील, त्यांचं कोणी काही लिहून ठेवलेलं नाही. आणि मुली तर आमच्याकडे पॅडपर्यंत पोचतच नव्हत्या. एक पोचली आहे, ती आवाज हरवल्यामुळे किंवा हात अडकल्यामुळे परत जावी हे मला सहन होणार नाही.

तरी माझ्या मनात एक गाठ होतीच, आणि ती अण्णांच्या गाठीपेक्षा वेगळी. मंडळाचा ऑक्टापॅड कुणा एकाचा नाही. एकाच कार्यक्रमात तिघेजण त्यावर बसतात. कुठला पॅच कुणाचा हे अलिखित ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या पॅचवर सेव्ह करणं हा आमच्यात मोठा गुन्हा. पॅडवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात, त्यावर बॉलपेनने 'संबळ', 'टाळ', 'ता'. पट्टी काढली की गोंद राहतो, त्यावर धूळ बसते, आणि काळे चौकोन कायमचे. ही मांडणी म्हणजे आमची सगळ्यांची समजूत आहे. कुणी आजारी पडलं तर दुसरा बसू शकतो, शेजारच्या गावच्या मंडळाचं यंत्र मिळालं तरी हात साधारण जागेवर पडतात. पूर्ण उलट्या पॅचवर वाढलेली मुलगी उद्या दुसऱ्याच्या पॅडवर बसली तर काय करणार? प्रत्येक कार्यक्रमाआधी तिने मेनू उघडून बसायचं का? त्याला तर वेळच मिळत नाही; माणसं 'हॅलो हॅलो चेक' म्हणत असतात तोवर नारळ फुटलेला असतो. हाताचा हक्क मी मानतो, पण दहाजणांनी मिळून ठरवलेल्या जागांनाही किंमत आहे. या दोहोंपैकी एक निवड असं मला कोणी म्हटलं तर मला ते जमणार नाही.

निवड तिनेच केली. उलट्या पॅचवर काही तालमी वाजवून झाल्यावर एक दिवस ती लवकर आली आणि म्हणाली, "काका, खालची ओळ सगळ्यांची आहे तशीच ठेवा. मला फक्त हाय-हॅट आणि टाळ वर डाव्या कोपऱ्यात द्या." मी तिला कॉबहॅमचं नावही सांगितलेलं नव्हतं. तिने स्वतः घरी पाटावर खडूने आठ चौकोन काढून हात फिरवून बघितले होते. आम्ही दोन टोन हलवले, सेन्सिटिव्हिटी तिच्या हाताला लावली, उंबरठा थोडा खाली आणि कर्व्ह सुरुवातीला उदार. मग बाहेर ढोल वाजत असताना पॅड आपोआप बोलतो का ते तपासलं. एक बोलला, त्याचा उंबरठा पुन्हा किंचित वर. पॅच 91 मध्ये सेव्ह केला, कारण नव्वदीच्या पुढचे पॅच कुणाचे नव्हते. त्या संध्याकाळी भजनी ठेका तिने गाणं संपेपर्यंत धरला. मध्ये एकदा लग्गी, म्हणजे ठेक्यातला जलद तुकडा, घेतली तेव्हा टाळवाल्याने मान वर करून बघितलं. गंमत म्हणजे तगड्या पोरालाही ती मांडणी आवडली. हात आडवे जात नाहीत म्हणाला. आता तोही हाय-हॅट डावीकडे घेऊन बघतोय.

अण्णा तालीम सुटल्यावर पॅडपाशी आले. काठी घेतली नाही. मधल्या बोटाच्या पेराने धुमेचा पॅड वाजवला. एकदा, दोनदा. मग डोकं हलवत म्हणाले, "लवकर मरतीय ही. जरा लांब सोडा की." मी डिके वाढवला. त्यांनी पुन्हा वाजवलं. "अजून." पुन्हा वाढवला. "आता पुढच्या ठोक्यावर चढतीय, एक घर मागं." असं करत त्यांनी मला अर्धा तास उभं ठेवलं आणि शेवटी जी धुम लागली ती आमच्या मंडळात कधी ऐकू आली नव्हती. हात वळवण्याचं मत त्यांनी मागे घेतलेलं नाही, आणि घेऊही नये. मुलीला त्यांनी जाता जाता सांगितलं की उजव्या हाताने रोज भाकरी थापत जा, दुबळा राहता कामा नये. ती हो म्हणाली.

आता तिला हलगी हवी आहे. यंत्रात हलगीच्या जवळपासचे एक-दोन टोन आहेत, पण तिला ते पटत नाहीत. आपली हलगी अशी वाजत नाही, म्हणते, आणि ते खरं आहे. एसपीडी-20 मध्ये बाहेरचा आवाज भरता येत नाही, म्हणून एका मित्राचा सॅम्पलिंग पॅड उसना आणतोय. अण्णांच्या ओळखीचे एक हलगीवाले पलीकडच्या गावात आहेत. पाऊस असला तरी त्यांच्या ओसरीत शेकोटी करता येईल, असं अण्णांनी विचारून ठेवलंय. शेकलेली हलगी गार होत जाईल तसा आवाज उतरत जातो, म्हणून गरम असतानाच भराभर रेकॉर्ड करायचं: जाड काठीचे हलके, मध्यम आणि जोरदार ठोके वेगळे, पातळ काठीचे वेगळे, कडेवरचे आणखी वेगळे. प्रत्येकाचे चार-पाच, म्हणजे एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजल्यासारखा वाटणार नाही. कुठला ठोका कुठल्या पॅडवर जाईल हे मी ठरवायला लागलो होतो, तर तिने वही काढून घेतली. आधी ते वाजवताना त्यांचे हात बघणार, मग सांगणार म्हणाली.